रंगभूमीवरील लुगडे आणि रस्त्यावरील लुगडे



इ. स. १९१९ मध्ये, म्हणजे फसली सन १३२९ मध्ये, हैदराबादच्या निजाम सरकारने एक कायदा केला. आमचे धर्माबाद त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिले. कायद्याचे नाव सभ्य संभाषणात उच्चारावयास जीभ जरा अडखळते. पण हिजड्यांचा कायदा असेच त्यास म्हणावे लागेल. त्यात असे ठरविले होते की, हैदराबाद शहरात व सरकार जाहीर करील अशा अन्य ठिकाणी राहणारे जे हिजडे संशयास पात्र वाटतील, त्यांची नावे व वास्तव्याच्या जागा एका नोंदवहीत उतरवून ठेवाव्यात. असा नोंदलेला मनुष्य स्त्रीचा पोशाख करून किंवा अलंकार घालून रस्त्यात अथवा सार्वजनिक जागी आढळला, किंवा रस्त्यावरून आपण दिसावे अशा हेतूने अन्यत्र कोठे उभा राहिला, किंवा त्याने चवाठ्यावर नाच केला, वाद्य वाजविले, कसल्याही जाहीर करमणुकीत भाग घेतला, तर त्यास वॉरंटावाचून पकडावे आणि दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा दंड, अथवा दोन्ही शिक्षा द्याव्यात.

आता त्याच १९१९ सालातील दुसरी गोष्ट पाहा. त्या वर्षी फेब्रुवारीत बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक रंगभूमीवर आणले. गडकरी त्याच्या आदल्याच महिन्यात सावनेर येथे निवर्तले होते. आपली सिंधू त्यांना रंगभूमीवर पाहावयास मिळाली नाही. दारुड्या पतीच्या पायी जिचा संसार धुळीस मिळतो अशा त्या साध्वीची भूमिका नारायण श्रीपाद राजहंस यांनी, म्हणजे आपल्या बालगंधर्वांनी केली. ते तेव्हा ३० वर्षांचे होते. लुगडे नेसलेला, कुंकू लावलेला, केसांत फुले माळलेला तो पुरुष महाराष्ट्राने डोळे भरून पाहिला आणि त्याच्या दुःखाने डोळे पुसले. कोणी फौजदारास बोलावून आणले नाही.

एक लुगडे दिव्यांच्या उजेडातले आणि एक भर उन्हातले. पहिल्यावर आम्ही लुब्ध झालो, दुसऱ्यासाठी आम्ही तुरुंगाची योजना केली. या दोन लुगड्यांत अंतर कशाचे होते, आणि शंभर वर्षांत ते किती कमी झाले, एवढाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. बोलता बोलता मला बंगळूर आणि अमेरिका येथील काही भिंतींपर्यंत जावयाचे आहे. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर. पांडित्याचा दावा माझ्याकडे नाही. पण या विषयाशी माझा थोडा घरगुती संबंध आहे, तो मी पुढे सांगेन.

पुरुषाने स्त्रीच्या तोंडून बोलावे, ही रीत आमच्या प्रांताला नवी नव्हे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडांत आणि गौळणींत स्त्रीचा आवाज घेतला, आणि ती भारुडे करणाऱ्या पुरुषांनी पदर डोक्यावर घेऊन ती गावोगाव रंगविली. इ. स. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, तेव्हापासून मराठी नाटकातील सीता, द्रौपदी, सुभद्रा हे सारे पुरुषच. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणले. पुढे भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने लोकांना वेड लावले. तिकडे तमाशात स्त्रिया येण्यापूर्वी फडाची सारी मदार नाच्या पोरावर असे. मुली नाटकात आणणे लाजिरवाणे वाटे, म्हणून मुले आणली. ही सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट पुढे कला झाली.

त्या कलेचा कळस बालगंधर्व. १९०५ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ साली त्यांची स्वतःची गंधर्व मंडळी निघाली. १९११ च्या मार्चमधील ‘मानापमाना’च्या पहिल्या प्रयोगाची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. त्याच दिवशी त्यांची लहानगी कन्या वारली होती. तरी त्यांनी प्रयोग थांबविला नाही. घरी मुलीचे प्रेत पाहिलेला बाप त्या रात्री लाडाकोडातली भामिनी होऊन उभा राहिला. याला मी नुसता अभिनय म्हणू शकत नाही. त्यांच्या नेसणीची, केशरचनेची, गजऱ्याची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. स्त्रीने कसे दिसावे हे महाराष्ट्रातील स्त्रिया एका पुरुषाकडून शिकत होत्या, ही गोष्ट आज कितीही नवलाची वाटली तरी तिचा त्या वेळी कोणास विटाळ झाला नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. हल्ली काही मंडळी बालगंधर्वांना आजच्या शब्दांत बसवू पाहतात. ते संसारी होते, पती होते, पिता होते. त्यांच्या अंतःकरणात काय होते हे सांगण्याचा अधिकार आपणास नाही, आणि ते सांगितल्यावाचूनही माझा मुद्दा अडत नाही. माझा मुद्दा प्रेक्षकांविषयी आहे. नाटक संपले की ते लुगडे उतरेल, पगडी आणि उपरणे परत येईल, याची प्रेक्षकांना खात्री होती. गंमत अशी की, १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ बोलपटात हेच बालगंधर्व पुरुषवेषात, एकनाथ महाराजांच्या भूमिकेत आले. तोवर ‘आंधळ्यांची शाळा’ (१९३३) या नाटकात स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली होती आणि जुन्या रीतीचे दिवस भरत आले होते. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९६७ साली ते गेले, आणि पुढल्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे नाट्यगृह उभे राहिले.

म्हणजे उतरणारे लुगडे आम्हास प्रिय होते. न उतरणाऱ्याचे काय?

तमाशाच्या नाच्याचे लुगडे खरे तर उतरे, पण संशय उतरत नसे. कोल्हापूरच्या गणपत पाटलांचे उदाहरण घ्या. तमाशाप्रधान मराठी चित्रपटांत त्यांनी नाच्याची कामे केली, आणि ती इतकी बेमालूम केली की लोकांनी ते काम म्हणून पाहिलेच नाही. त्या प्रसिद्धीचा जाच पडद्याबाहेर त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना सोसावा लागला. २००८ साली ते वारले. बालगंधर्व आणि गणपत पाटील, दोघेही स्त्रीच्या लकबी दाखविणारे, दोघेही घरदार असलेले पुरुष. एकाने राजकन्या आणि पतिव्रता रंगविल्या, म्हणून त्याच्या नावाने नाट्यगृह झाले. दुसऱ्याने ज्याला पाहून आपण हसतो असा मनुष्य रंगविला, म्हणून हसे त्याच्या घरापर्यंत गेले. आनंद यादवांनी ‘नटरंग’ कादंबरीत हेच दुखणे १९७८ साली मांडले, आणि तिच्यावरचा चित्रपट २०१० च्या पहिल्या दिवशी आला तेव्हा आमच्याकडील तरुण पोरेही तो पाहून गंभीर होऊन बाहेर पडली.

तिसरा प्रकार देवीच्या दारचा. यल्लम्माचे आणि रेणुकेचे जोगते आपण पाहिले असतील. आमच्या नांदेड जिल्ह्यातच माहूरची रेणुका आहे. हळद-कुंकू, कवड्यांची माळ, हातात परडी, डोक्यावर जग, काखेत चौंडके. असा हा लुगडे नेसलेला पुरुष दारात आला म्हणजे बायामाणसे त्याच्या पाया पडतात, पीठमीठ वाढतात. त्याचे लुगडे उतरत नाही, कारण ते देवीने नेसविलेले असते अशी समजूत. पाया पडणारे हात मात्र त्यास घरात बोलावून पाट मांडीत नाहीत. २००९ सालच्या ‘जोगवा’ चित्रपटात उपेंद्र लिमये यांनी असा जोगता केला आणि त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. ते योग्यच झाले. पण टाळ्या पुन्हा उतरणाऱ्याच लुगड्याला पडल्या, हे माझ्या मनात आल्यावाचून राहिले नाही.

आणि गोदावरीपलीकडे, निजामाबाद जिल्ह्यात, चिंदू यक्षगानाची परंपरा आहे. तेथे याच्या उलट, यल्लम्मा नावाची एक थोर कलावती पुरुषपात्रे करून नावाजली. गदा खांद्यावर घेतलेल्या बाईला पाहून कोणी हसले असे मी ऐकलेले नाही. पुरुषाने खाली उतरून स्त्री व्हावे यात लाज, आणि स्त्रीने वर चढून पुरुष व्हावे यात पराक्रम, असा आमचा हिशेब. स्त्रीजातीविषयी आमचे खरे मत काय आहे तेच या हिशेबात उघडे पडते. असो.

आता त्या कायद्याकडे परत वळतो. निजाम सरकारने तो स्वतःच्या बुद्धीने काढला असे नव्हे. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा जो कुप्रसिद्ध कायदा केला, त्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता आणि तो प्रथम वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब येथे लागू झाला. नोंदवही, स्त्रीवेषास बंदी, चवाठ्यावरील नाचगाण्यास बंदी, दोन वर्षांची कैद. सारी कलमे तेथूनच आलेली. त्यापूर्वी दहा वर्षे भारतीय दंडसंहितेतील ३७७ वे कलम आलेलेच होते. त्या कायद्यातील एक वाक्यांश मला फार खुपतो. ‘रस्त्यावरून दिसावे अशा हेतूने.’ स्वतःच्या खिडकीत उभे राहणेही अपराध! चोरी केली म्हणून नव्हे, मारहाण केली म्हणून नव्हे, दिसला म्हणून. सरकारला त्यांच्या असण्याची तितकी चिंता नव्हती जितकी त्यांच्या दिसण्याची.

निजामाचे राज्य जाऊन पंचाहत्तर वर्षे होत आली तरी हा कायदा तेलंगणाच्या पुस्तकात तसाच पडून होता. जुलै २०२३ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. तत्पूर्वी १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपली ओळख आपण सांगण्याचा हक्क आहे असा निर्णय दिला होता. त्या कामात आपल्या ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनीही न्यायालयापुढे आपले म्हणणे मांडले होते. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी ३७७ व्या कलमातून सज्ञान माणसांचे परस्परसंमतीचे संबंध वगळण्यात आले.

कायदा गेला म्हणजे रस्ता मिळतोच असे नाही. रस्ता मिळविण्याची एक निराळी तऱ्हा बंगळूरास निघाली, तिचे मला मोठे कौतुक वाटते. २०१६ साली पूर्णिमा सुकुमार या चित्रकर्तीने तेथे तृतीयपंथी स्त्रियांना बरोबर घेऊन रस्त्याकडेच्या भिंती रंगविण्याचे काम आरंभिले. त्या मंडळाचे नाव अरवाणी. अरवान म्हणजे अर्जुनाचा पुत्र इरावान. तामिळ देशात कथा अशी सांगतात की, युद्धात बळी जाण्यापूर्वी त्याला विवाह करावयाचा होता, आणि उद्या विधवा होणारी वधू कोण होणार, म्हणून श्रीकृष्णाने स्वतः मोहिनीरूप घेऊन त्यास वरिले. कूवागम गावी दर वर्षी हजारो तृतीयपंथी त्या एका रात्रीच्या वधू होतात आणि सकाळी बांगड्या फोडतात. त्या नावाच्या या मंडळाने मोठमोठ्या भिंतींवर ठळक रंगांत आपल्यासारख्यांचे चेहरे काढले. ज्यांनी रस्त्यावरून दिसू नये म्हणून कायदा झाला, त्यांनी रस्त्यावरूनच दिसावे म्हणून भिंत रंगविली! २०२४ साली इटलीतील व्हेनिस शहरी जे जगप्रसिद्ध कलाप्रदर्शन भरले, त्यात या मंडळाने एक प्रचंड भित्तिचित्र काढले. त्या वर्षीच्या प्रदर्शनाचे प्रमुख ब्राझीलचे आद्रियानो पेद्रोझा होते. लॅटिन अमेरिकेतून त्या पदावर आलेले ते पहिलेच गृहस्थ, आणि आपण समलिंगी आहोत हे न लपविणारेही.

लॅटिन अमेरिकेचा उल्लेख आला तो सहज नव्हे. भिंतीवर लोकांची कहाणी काढण्याची विद्या या काळात मेक्सिकोने जगाला शिकविली. तेथे १९१० साली क्रांती झाली. पुढे १९२० नंतरच्या दशकात सरकारने दिएगो रिव्हेरा, ओरोस्को, सिकेरोस अशा चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती मोकळ्या करून दिल्या, जेणेकरून निरक्षर शेतकऱ्यासही आपला इतिहास वाचता यावा. पुढे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांनी, ज्यांना चिकानो म्हणतात, आपापल्या वस्तीच्या भिंतींवर तीच कला नेली. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मिशन भागात १९७० पासून ‘गॅलेरिया दे ला रासा’ नावाची त्यांची कलासंस्था चालत आली.

त्या संस्थेच्या भिंतीवर जून २०१५ मध्ये मॅन्युएल पॉल या चित्रकाराचे एक छापील भित्तिचित्र लागले. नाव ‘पोर व्हिदा’, म्हणजे जन्मभराचे. एका बाजूस परस्परांना बिलगलेले दोन पुरुष, दुसऱ्या बाजूस दोन स्त्रिया, आणि मध्ये स्त्रीदेहात जन्मून पुरुष झालेला एक तरुण, छातीवर शस्त्रक्रियेचे व्रण न लपविता उभा. चेहरे, कपडे, ढब सारी त्याच वस्तीतील पोरांची. चित्रावर रंग फासण्यात आला. ते पुन्हा लावले, पुन्हा फासण्यात आला. महिनाअखेरीस रात्री कोणी तरी त्यास आगच लावली. संस्थेने ते आणखी एकदा लावले. आणि आक्षेप घेणाऱ्यांत परके गोरे लोकच होते असे समजू नका. आमच्या संस्कृतीची, आमच्या पोशाखाची ही विटंबना आहे, असे म्हणणारे त्याच संस्कृतीचा अभिमान मिरविणारे होते. परदेशात स्वतःच पाहुण्यासारखे राहणाऱ्या समाजाला आपल्याच घरातील ही पाच माणसे भिंतीवर सोसवली नाहीत.

ही हकीकत वाचली तेव्हा मला सॅन फ्रान्सिस्को दिसले नाही. मला आमच्या शाळेचे पटांगण दिसले. तोच तो घरगुती संबंध.

१९८६ सालची गोष्ट. मी तेव्हा तरुण मास्तर होतो. स्नेहसंमेलनात रुक्मिणीच्या स्वयंवराचा एक प्रवेश बसविला. सातवीत एक मुलगा होता. गळा गोड, चालणे हलके. त्याला रुक्मिणी दिली. त्याने असे काम केले की, मिरच्यांच्या अडतीवरून थेट आलेले व्यापारी, त्यांच्या घरच्या बाया, तेलुगू बोलणारे हमाल, सारे स्तब्ध झाले. टाळ्या थांबेनात. मी स्वतः उभा राहून टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या दिवसापासून वर्गात, नळावर, स्टेशनाच्या रस्त्यावर त्या मुलाला ‘बायल्या’ म्हणून हाका पडू लागल्या. ते पोरांनी केले, ठीक. पोरे दुष्ट असतातच. मी काय केले ते सांगतो. पुढल्या वर्षी तो आपण होऊन माझ्याकडे आला आणि द्रौपदीचे काम मागू लागला. मी त्याला भालदार केले. वर ऐकविले की, आता मोठा झालास, पुरुषासारखा चाल. माझा हेतू त्याला वाचविण्याचा होता असे मी पुष्कळ वर्षे स्वतःस सांगत आलो. संमेलनाच्या दिवशी तो आला नाही, आणि दिवाळीनंतर शाळेतही आला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी स्वतःच्या हाताने आडवी रेघ मारली.

गेल्या नवरात्रात मी माहूरला गेलो होतो. गड चढून दम लागला म्हणून एका पायरीवर टेकलो, तो समोर जोगत्यांचा मेळा बसलेला. त्यांतील पन्नाशीच्या एकाने चौंडके खाली ठेवले, माझ्याकडे निरखून पाहिले आणि म्हणाला, “गुर्जी, वळखलं का?” आवाजावरून ओळखले. त्याने पाया पडावयास वाकू नये म्हणून मी त्याचे हात धरले; हातांत हिरवा चुडा होता. काय बोलावे ते मला सुचेना. शेवटी मास्तरकीच्या सवयीने व्याकरणातच शिरलो आणि विचारले, तुला आता ‘तो’ म्हणावे की ‘ती’ म्हणावे? हसून उत्तर मिळाले, “कसंबी म्हणा गुर्जी, पर हाक मारा.”

माझ्या चष्म्याच्या घरात व्हेनिसच्या त्या भित्तिचित्राच्या बातमीचे कात्रण घडी घालून ठेवलेले होते. या भाषणाची तयारी मनात चालू होतीच. मी ते उलगडून दाखविले आणि बंगळूरच्या मंडळाची हकीकत सांगितली. बाकीचे जोगतेही सरकून जवळ आले. कात्रण हातोहात फिरले. एकीने चित्रातील रंगांची नावे घेतली, दुसरीने नाकातली नथ चांगली काढली आहे असे मत दिले. माझा विद्यार्थी मात्र पुष्कळ वेळ ते धरून बसला. मग त्याने एकच प्रश्न विचारला.

“एवढी मोठी भिंत त्यांना दिली कोणी?”

इतक्यात खालून किनवटच्या गाडीसाठी कोणी तरी हाक मारली. त्याने जग उचलून डोक्यावर ठेवला, कात्रण परत न देता पदराच्या गाठीस बांधले, आणि ती सारी मंडळी पायऱ्या उतरू लागली.